खतावणी एक ते चौदा

माझ्यावर जी चौकशी बसली तिचा विषय कागदोपत्री असा होता : 'श्री. जा. भि. पडघान, कनिष्ठ लिपिक, यांनी मौल्यवान जंगम मालमत्ता दडवून ठेवल्याबाबत.' ही मालमत्ता म्हणजे चित्रकथांची पुस्तके होती. आता दडवण्याचे म्हणाल, तर मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत मी, बायको रुख्मिणी आणि दोन मुली असे चौघे राहत होतो. तिथे मला स्वतःला दडायला जागा नव्हती, मालमत्ता कुठे दडवणार? पण सरकारी कागदावर एकदा 'दडवून' हा शब्द टाइप झाला की तो खोडायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि मुळात तो वरिष्ठांनीच लिहिलेला असतो.

कचेरीचे नाव मी सांगत नाही. तालुक्याच्या गावी कचेऱ्या पुष्कळ असतात आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आतून तर जास्तच. साल शहात्तर होते एवढे सांगितले म्हणजे पुरे. भिंतीवर शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या, लोक साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीवर दिसायचे, आणि सगळ्यांना वेळेवर आणून बसवल्यावर आता यांना काम काय द्यायचे, या विवंचनेत वरची मंडळी होती. अशा दिवसांत माझ्यासारखा माणूस सापडला तर कचेरीचा महिना बरा जातो.

तर पुस्तके. बासष्ट सालापासून एक पाक्षिक चित्रकथा निघत असे. दर अंकात दर्यावीर नावाचा एक खलाशी समुद्रावर चाच्यांशी लढे. आमच्या भागात समुद्र कोणी पाहिलेला नाही. पावसाळ्यात नाला भरला तरी गाव बघायला जाते. त्यामुळे मला ते चित्रातले निळे पाणी फार आवडायचे. एस.टी. स्टँडवरच्या दुकानातून मी पंधरा दिवसांनी एक अंक घ्यायचो, अंगावरचा सदरा विटला तरी घ्यायचो. तेरा वर्षांत तीनशे बारा अंक झाले, शिवाय दिवाळीचे जाड अंक वेगळे. एकाही अंकाचा कोपरा मुडपलेला नव्हता. हे सगळे अंक घरातल्या एकुलत्या एक लोखंडी पेटीत होते, आणि त्या पेटीत गोधड्या ठेवायच्या असे रुख्मिणीचे लग्नापासूनचे म्हणणे होते.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा तिने पेटी उघडली, आत पाहिले, पुन्हा लावली आणि विचारले, "याची किंमत तरी काय येईन?"

ती भांडली असती तर मी भांडलो असतो. पण तिने सरळ किंमत विचारली. बारा वर्षे कचेरीत लोकांच्या वस्तूंच्या याद्या करणारा माणूस मी, आणि माझ्या स्वतःच्या एकमेव वस्तूची किंमत मला ठाऊक नव्हती. तो अपमान मी मनावर घेतला. पुढचे सगळे त्यातून झाले.

शेजारी भाऊसिंग राठोड राहत. ते एस.टी.त कंडक्टर होते, कारंजा आणि वाशीमच्या मधल्या सगळ्या फेऱ्या त्यांनी केलेल्या. कंडक्टरला जगातले सगळे कळते, कारण जग त्याच्या गाडीत उभे राहून प्रवास करते. त्यांनी सांगितले की मागच्याच आठवड्यात शेलूबाजारला उतरलेला मुंबईचा एक पाहुणा म्हणत होता, तिकडे जुन्या चित्रकथांना दहा-दहा रुपये देणारे शौकीन आहेत. तिथल्या तिथे तिकिटाच्या मागे त्यांनी गुणाकार करून दाखवला. तीन हजार एकशे वीस. दिवाळी अंक त्यांनी धरलेच नाहीत. ते मला बक्षीस म्हणून सोडले. तो पाहुणा कोण, काय करतो, हे मी विचारले नाही. मुंबईचा आहे म्हटल्यावर आमच्याकडे पुढचे विचारत नाहीत.

दुसरा सल्ला लिलाबाईंचा. समोरच्या घरात राहणाऱ्या लिलाबाई बालवाडीवर शिक्षिका होत्या आणि आळीतल्या सगळ्या प्रौढांनाही बालवाडीतलेच समजत. त्या म्हणाल्या की सुटे अंक कोणी मोजत नाही, पुस्तकासारखे बांधून घ्या, म्हणजे मुंबईचा माणूसही हात धुऊन हात लावील. मला ते पटले. जे आपल्याला आधीपासून करायचे असते ते दुसऱ्याने सांगितले की लगेच पटते. तीनशे अंक ओळीने कापडी पुठ्ठ्यात बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरे, हे चित्र मी कित्येक वर्षे मनात बघत होतो.

पुस्तके बांधणारा चांगला माणूस कारंजाला होता. लखीराम त्याचे नाव. कापसाच्या आणि धान्याच्या पेढ्यांच्या वह्या तो बांधायचा. त्याची बांधलेली वही पेढी बुडाली तरी सुटत नाही असा लौकिक. दोन पोती अंक घेऊन मी भाऊसिंगांच्या गाडीने गेलो. त्यांनी सामानाचे भाडे घेतले नाही, ही त्या सगळ्या प्रकरणातली एकमेव बचत. लखीरामने एक अंक हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाला. मी त्याला तीन वेळा सांगितले, क्रम चुकू देऊ नका, जपून करा. जपून म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. माझी खरी चूक कुठली, असे पुढे चौकशी अधिकाऱ्याने विचारले तेव्हा हे उत्तर द्यायला हवे होते.

पंधरा दिवसांनी चौदा खंड तयार होते. लाल खारव्याचे कापड, कोपऱ्यांना चामडे, खळीत मोरचूद घातलेले म्हणजे कसर लागायला नको. वजनदार, देखणे काम. मी पहिला खंड उघडला आणि मला दर्यावीर सापडेना. चाळिसाव्या पानावर तो बुडत होता, एकेचाळिसाव्या पानावर त्याचे लग्न लागत होते. अंक सुटे करून दोऱ्याने शिवताना पाने इकडची तिकडे गेली होती. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून वरून बोटभर कागद कापला होता, त्यात बोलणाऱ्यांची निम्मी वाक्ये गेली. आणि रंगीत मुखपृष्ठे नव्हतीच. तीनशे बारा मुखपृष्ठे, ज्यांच्यावर तो समुद्र असायचा.

लखीरामला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "पक्का पुट्टा घातल्यावर वरचा कागद कायले पाह्यजे, बाबू? त्यानं वही फुगते. फाडून टाकला." त्याने ती पाने चुलीला दिली होती.

पाठीवरच्या सोनेरी अक्षरांचे राहिलेच. त्याच्याकडे दोनच ठसे होते, एक रोजकीर्दीचा आणि एक खतावणीचा. त्यातल्या त्यात मोठ्या अक्षरांचा म्हणून त्याने दुसरा वापरला होता. चौदाही खंडांवर 'खतावणी' आणि खाली क्रमांक. मी मजुरी दिली. भांडलो नाही. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने परगावात आवाज चढवू नये असे मला वाटले.

घरी आल्यावर रुख्मिणीने एका खंडावर हात फिरवला आणि बांधणी चांगली आहे म्हणाली. पेटीत आता खंडच बसेनात, म्हणून ते भिंतीशी ओळीने लावले आणि पेटीत गोधड्या गेल्या. तिचे काम झाले होते. मी थांबायला हवे होते. पण तेरा वर्षांच्या मुखपृष्ठांची राख झाल्यावर माणसाला किंमत जास्त लागते, कमी नाही. मी स्वतःशी ठरवले की बांधलेले आहेत म्हणजे दहाऐवजी अकरा धरायला हरकत नाही.

हे मी कचेरीत चहाच्या वेळी बोललो. कोणीतरी आपल्या नव्या सायकलीचे कौतुक सांगत होता, मी ऐकून घेतले आणि मग म्हणालो की आमच्या घरी भिंतीशी साडेतीन हजारांचा माल उभा आहे. आमच्या आळीतून कचेरीत खुर्चीवर बसणारा मी पहिला. लोकांच्या सायकली, लोकांच्या जमिनी, लोकांचे वाडे मी बारा वर्षे ऐकत आलो होतो. एक दिवस मीही ऐकवले, इतकेच. हेडक्लार्क दौलतसिंग ठाकूर बशीतला चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. टायपिस्ट ग्यानबा मनवरने मात्र माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांनी गप्प राहा असे सांगितले, पण तोवर रक्कम बोलून झाली होती.

तिसऱ्या दिवशी मला ज्ञापन मिळाले. ठरावीक रकमेपेक्षा जास्त किमतीची जंगम मालमत्ता कर्मचाऱ्याने खात्याला कळवायची असते, ती आपण का कळवली नाही याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. सोबत सक्षम व्यक्तीचा मूल्यांकन दाखला जोडावा.

खुलासा सोपा होता. सक्षम व्यक्ती मिळेना. घराची किंमत बांधकामवाले करतात, झाडाची शेतकीवाले, बैलाची गुरांचे डॉक्टर, दागिन्याची सराफ. चित्रकथेची किंमत करणारा माणूस सरकारने नेमलेला नव्हता. मी जिल्ह्याला अर्ज केला. अकोल्याहून उत्तर आले की हा विषय आमच्याकडे येत नाही, वाचनालयांकडे विचारा. वाचनालयाने कळवले की चित्रकथा हा वाङ्मयप्रकार आमच्या नोंदणीत नाही. खतावण्या असतील तर त्या विक्रीकरवाल्यांना दाखवाव्यात. मी 'खतावणी' हा शब्द अर्जात प्रामाणिकपणे लिहिला होता. हे सगळे अर्ज ग्यानबाने फुकट टाइप केले, सुट्टीनंतर थांबून. माझे ऱ्हस्व-दीर्घ तो न बोलता सुधारायचा.

तेव्हा मला सुचले की आता किंमत कमी करून घेतलेली बरी. खंड पोत्यात घालून मी शेलूबाजारच्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने वजन केले, पुठ्ठ्याचे वजन वजा केले, खळीचे वजा केले, आणि जे उरले त्याची किंमत इतकी कमी सांगितली की माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुखावलाही. मी विचारले, चित्रे बघितलीत का? तो म्हणाला, चित्रं असली का शाई जास्त, पुड्या बांधायच्या कामाची नाई. त्याची चिठ्ठी मी दाखला म्हणून जोडली. ठाकुरांनी शेरा मारला, 'रद्दी व्यापारी हा रद्दी नसलेल्या वस्तूचे मूल्यांकन करण्यास सक्षम नाही.' वाक्य बिनचूक होते. ठाकुरांची मराठी चांगली होती, हे मला नाकारता येत नाही.

त्यातच एक निनावी अर्ज आला. पडघान यांच्या घरी सावकारीच्या चौदा खतावण्या भिंतीशी उघड्यावर लावलेल्या आहेत. त्या वर्षी सावकारीबद्दल सरकार फार कडक होते. अर्ज कोणी केला ते मला अजून कळले नाही. पण दारावरून जाताना सोनेरी अक्षरे दिसायची हे खरे. एका गुरुवारी चौकशी अधिकारी पंचनाम्याला घरी आले. पंच म्हणून भाऊसिंग आणि लिलाबाई बसले. रुख्मिणीने मुलींना आत नेले आणि दार ओढून घेतले.

तीन तास पंचनामा चालला. पहिला अर्धा तास अधिकारी संशयाने पाने उलटत होते, नंतर ते वाचू लागले. भाऊसिंगांनी चौथा खंड धरला तो सोडेनात. त्यांची संध्याकाळची गाडी चुकली. लिलाबाई मधूनच म्हणत, हे पान इथलं नाही, मागं असंन, बघा. अखेर जो कागद झाला त्याची नक्कल माझ्याकडे आहे. त्यात लिहिले आहे : 'खंड सहा, पान बारा येथे दहा हजार मोहरांचा उल्लेख आढळतो. याबाबत विचारले असता श्री. पडघान यांनी सदर मोहरा चाच्यांच्या असल्याचे सांगितले. चाच्यांचे पत्ते ते देऊ शकले नाहीत.' खाली दोन्ही पंचांच्या सह्या आहेत. मी भाऊसिंगांना नंतर म्हणालो, तुम्ही तरी सही करताना वाचायचे. ते म्हणाले की वाचूनच केली, खोटे काय आहे त्यात?

चौदाही खंड जप्त झाले. हातगाडीवर घालून, भर बाजारातून, वर दोरी बांधून नेले. मी गाडीच्या मागे चालत होतो, कारण पोच घ्यायची होती. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. लाल वह्या, सोनेरी अक्षरे, मागे मान खाली घातलेला बाबू. ज्याला जे समजायचे ते त्याने समजून घेतले. आठवडाभरात आळीतल्या दोघांनी माझ्याकडे हळूच उसने पैसे मागितले, व्याजाचा दर काय म्हणून. नाही म्हटल्यावर त्यांनीही बोलणे टाकले.

खंड कचेरीच्या अभिलेख खोलीत ठेवले. लाख लावून सील केले होते. महिन्याभरात सील गेले. आधी शिपायांनी वाचले, मग बाबूंनी. तीन खंड साहेबांच्या बंगल्यावर गेले, 'पडताळणीसाठी'. जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला की मला कळायचे, कुठला खंड, कुठले पान. माझीच पुस्तके वाचायला मला बंदी होती. आरोपीने पुराव्याला हात लावू नये असा नियम आहे.

आणि एके दुपारी दौलतसिंग ठाकूर माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत ते कुणाच्या टेबलाशी गेले नव्हते. ते माणसाला बोलावीत. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "पडघान, ते दिवा घेऊन खडकावर उभी राहते, त्या बाईचं पुढं काय झालं? पानच लागून नाई राह्यलं."

ज्या माणसाने ज्ञापन काढले, रद्दीवाल्याची चिठ्ठी परतवली, तो मला हे विचारत होता. मला सांगता आले असते की सदर माहिती फक्त लेखी मागणीवर मिळेल. मी मनातल्या मनात ते वाक्य जुळवलेही. पण तेरा वर्षांत मला ही गोष्ट कोणी विचारली नव्हती. रुख्मिणीने नाही, मुलींनी नाही. मी सांगायला लागलो. ती दीपगृहाच्या रखवालदाराची बहीण, तिला वाटते दर्यावीर बुडाला, म्हणून ती सात वर्षे दिवा लावते, आणि तो परत येतो तेव्हा तिची नजर गेलेली असते. ठाकूर टेबलाला टेकून ऐकत राहिले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी हलले नाहीत. शेवटी त्यांनी एक सुस्कारा सोडला, 'हं' म्हणाले, आणि जाता जाता सांगितले की मूल्यांकन दाखला महिनाअखेर आला नाही तर प्रकरण एकतर्फी वर पाठवावे लागेल.

मी ज्याला शोधत होतो तो माणूस जुलैमध्ये सापडला. अमरावतीला देवीकर नावाचे निवृत्त चित्रकला मास्तर होते. त्यांच्याकडे जुन्या चित्रकथांचे कपाट होते आणि मुंबईच्या शौकिनांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. म्हणजे तसले शौकीन खरोखरच होते. भाऊसिंगांचा पाहुणा खोटे बोललेला नव्हता. मास्तरांना येण्याजाण्याचा खर्च देऊन, घरी वरण-पोळी जेवू घालून मी कचेरीत नेले. अभिलेख खोलीत साहेब, ठाकूर, चौकशी अधिकारी, ग्यानबा टाइपरायटर घेऊन, असे सगळे जमले.

मास्तरांनी चष्मा पुसला, पहिला खंड उघडला आणि पहिले पान शोधू लागले. मग दुसरा, मग तिसरा. पाचवा त्यांनी मिटून बाजूला ठेवला. सहावा त्यांनी उघडलाच नाही.

"कव्हरं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले.

"सुटे ठेवले असते तर मी स्वतः पंधराच्या भावानं घेतले असते," ते म्हणाले. "बासष्टचा पहिला अंक अख्ख्या विदर्भात कोणाकडं नाही. मी अकरा वर्षं शोधतो आहे." त्यांनी पहिल्या खंडाच्या कापलेल्या कडेवरून नख फिरवले. "आता याला काही किंमत नाही. कोणी बांधले हे?"

कारंजाच्या माणसाने, असे मी म्हणालो. बांधायला कोणी दिले ते त्यांनी विचारले नाही, तो त्यांचा चांगुलपणा. ग्यानबाने दाखला टाइप केला : चौदा खंड, मूल्य शून्य. मास्तरांनी सही केली. मला आनंद व्हायला हवा होता. शून्य किमतीची वस्तू दडवता येत नाही, प्रकरण संपले. सगळ्यांनी माझ्याकडे तसे पाहिलेही. मी भिंतीकडे बघत होतो. तीनशे बारा अंकांना मी आयुष्यात एकदाच चांगले काही करावे म्हणून गेलो, आणि त्यातच त्यांचा जीव घेतला. रद्दीवाल्याने नाही, कसरीने नाही, मी. हे लिहून घ्यायला तिथे टाइपरायटर होता, पण त्याचा रकाना नव्हता.

प्रकरण संपले नाही. ठाकुरांनी टिपणी ठेवली, आणि ती टिपणी मी पाच वेळा वाचली तरी मला तिच्यात खोट सापडली नाही. कर्मचाऱ्याने मालमत्ता साडेतीन हजारांची असल्याचे कचेरीच्या वेळेत, कचेरीच्या आवारात सांगितले. तज्ज्ञ ती शून्याची असल्याचे सांगतात. जप्तीत असताना ती शून्याची झाली म्हणावी, तर जबाबदारी कचेरीवर येते, जे शक्य नाही. म्हणजे ती आधीपासून शून्याची होती. म्हणजे कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांस व पर्यायाने कार्यालयास खोटी माहिती दिली. मालमत्ता दडवल्याचा आरोप वगळण्यात येत आहे. खोट्या माहितीबद्दल एक वेतनवाढ दोन वर्षे रोखण्यात येत आहे.

वरिष्ठ लिपिकाची जागा त्याच ऑक्टोबरात भरली गेली. मी ज्येष्ठता यादीत पहिला होतो. चौकशीत शिक्षा झालेल्याचा विचार होत नाही. अकोल्याहून एक मुलगा-वजा माणूस आला आणि त्याने पहिल्याच दिवशी मला हाक मारून पाणी कुठे मिळते ते विचारले.

खंड परत मिळाले ते नऊ. पाच पडताळणीत राहिले. पोचपावतीवर 'वरील वर्णनाची रद्दी मिळाली' असे लिहिलेले होते, मी सही केली. घरी आणल्यावर रुख्मिणीने जागा विचारली नाही, किंमतही विचारली नाही. तिने स्वतः पेटीतून गोधड्या बाहेर काढल्या आणि पेटी उघडी ठेवली. मी म्हटले राहू दे. ती म्हणाली, "ठेवा. तुमाले आवडत होतं ना." 'होतं' म्हणाली. मी नऊ खंड पेटीत टाकले आणि कुलूप लावले. त्यानंतर मी एकही उघडला नाही. लोक म्हणतात मी कडवट झालो. मी वक्तशीर झालो आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुढच्या जानेवारीत माझ्या टेबलावर एक फाइल आली. विषय : 'श्री. ग्या. कि. मनवर, टंकलेखक, यांच्याकडील जुन्या बाजाच्या पेटीबाबत.' ग्यानबाचे वडील जलशात पेटी वाजवायचे. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, बाबासाहेबांची गाणी. ते वारल्यावर पेटी ग्यानबाकडे आली. नागपूरच्या कोण्या दुरुस्ती करणाऱ्याने आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या परदेशी आहेत, हजार-दोन हजार सहज येतील, असे सांगितले आणि ग्यानबा ते आनंदाच्या भरात चहाच्या वेळी बोलून गेला. मला ज्याने डोळ्यांनी गप्प राहा म्हटले होते, तोच. ठाकुरांनी शेरा मारला होता : 'अशा प्रकरणांचा प्रत्यक्ष अनुभव विचारात घेता श्री. पडघान यांना सक्षम व्यक्ती म्हणून नेमण्यात येत आहे.' तेरा वर्षांच्या नोकरीत मला सक्षम म्हटलेले हे पहिलेच.

संध्याकाळी ग्यानबा सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून घरी आला. जमिनीवर फडके अंथरून त्याने ती ठेवली. भाता फाटलेला होता, काही पट्ट्यांचे हस्तिदंत पिवळे पडले होते, बोटे पडून पडून मधल्या चार पट्ट्यांना खळगे झाले होते. रुख्मिणीने चहा दिला. ग्यानबाने चहा संपवून कप बाजूला सारला.

"भाऊ, तुमाले जे लिहायचं ते लिहा," तो म्हणाला. "फक्त कचेरीत जमा करायले लावू नका. बापाचा हात हाय त्याच्यावर. तठी कोनी पन बडवतीन."

मी सांगितले, बघतो. रुख्मिणी माझ्याकडे बघत होती. तिला वाटले असेल, आता हा माणूस ते करील जे त्याच्यासाठी कोणी केले नाही. मलाही क्षणभर तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडून बसलो. किंमत लिहिली तर त्याने दडवली असे होईल. शून्य लिहिली तर तो खोटे बोलला असे होईल. दोन्ही रस्ते मी चालून आलो होतो. तिसराही होता : ही वस्तू घरातली, बापाची, खात्याचा हिच्याशी संबंध नाही, असे दोन ओळींत लिहून सही करायची. तेवढे लिहायला मला पाच मिनिटे लागली नसती. पण माझी वेतनवाढ अजून रोखलेली होती. साहेबांनी परवाच माझे नाव घेऊन विचारले होते की हा आता ठीक चालतो ना. आणि खरे सांगायचे तर एवढेच कारण नव्हते. हातगाडीच्या मागे मी एकट्यानेच का चालावे, असे आत कुठेतरी वाटले. ते वाटले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबला नाही.

मी लिहिले : 'मूल्यांकन घरी करणे नियमात बसत नाही. सदर वाद्य संबंधित कर्मचाऱ्याने तीन दिवसांत कार्यालयात जमा करून पोच घ्यावी.' भाषा चांगली उतरली होती. ठाकुरांना एक शब्द बदलावा लागला नसता.

मसुदा टाइप करायला द्यायचा होता. कचेरीत टायपिस्ट एकच. मी कागद शिपायाच्या हाती पाठवला, स्वतः उठलो नाही. पलीकडे टाइपरायटर सुरू झाला, मध्ये एकदा थांबला, बराच वेळ थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने ग्यानबाने कागद स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवून उभा राहिला.

मी पत्र दोनदा वाचले. एकही चूक नव्हती. माझा एक ऱ्हस्व त्याने दीर्घ केला होता. मी सही केली.